बॅगेतलं सादळशास्त्र

पहिली चूक मी जीन्सची केली. दुसरीही जीन्सचीच, कारण दोन नेल्या होत्या.

आंबोली, जुलैचा दुसरा आठवडा, तीन दिवसांचा मुक्काम. पहिली जीन्स एसटीतून उतरून घराच्या ओटीवर पोचेपर्यंत भिजली, दुसरी संध्याकाळी धबधब्याशी. कोरडी असताना पाऊण किलोच्या आत असलेली ती वस्तू दोघांनी दोन टोकं धरून पिळली तरी सव्वा किलोच्या घरात होती. तिसऱ्या दिवशी निघताना दोन्ही ओल्याच बॅगेत गेल्या. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशींनी आदल्या रात्री दोरीवरच्या जीन्सचा पाय चिमटीत धरून विचारलं होतं, "ही कित्याक हाडलस रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेव्हापासून पावसाळी बॅग भरताना "काय भिजेल?" हा प्रश्न मी सोडून दिलाय. सगळंच भिजतं. विचारायचं ते एवढंच, की वाळेल काय? त्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर ज्या गमतीजमती हाती लागल्या, त्या या.

ट्रॉपिकल म्हणजे आपणच की!

'ट्रॉपिकल ट्रिप' म्हटलं की बाली, फुकेत, नारळाच्या झाडाखाली झोपाळा असलं काही डोळ्यांपुढे येतं. नकाशा बघा. कर्कवृत्त जातं भोपाळच्या किंचित उत्तरेनं, म्हणजे साधारण साडेतेवीस अंशांवर. महाराष्ट्राचं उत्तर टोक बावीस अंशांच्या आसपास संपतं. म्हणजे नंदुरबारपासून दोडामार्गापर्यंत आख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात आहे. आपण जन्मतःच ट्रॉपिकल, फक्त झोपाळ्याचे फोटो काढत नाही.

आणखी एक गंमत. आपल्याकडे धो धो चालू असतो तेव्हा बालीत कोरडा हंगाम असतो. ते बेट विषुववृत्ताच्या पलीकडे, त्यामुळे तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, परतीच्या वाऱ्यांबरोबर. आणि मॉरिशसमधल्या मराठी घरांत गणपती बसतात ते तिथल्या हिवाळ्यात! गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, पण मखरावर प्लॅस्टिक ताणायची धावपळ आपल्याइतकी नसावी. तेव्हा 'पावसाळा' म्हणताना आधी कुणाचा, ते विचारून घ्यावं. माझी बॅग कोकणाची आहे.

एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर

बातम्यांत 'दोनशे मिलिमीटर पाऊस' ऐकून आपल्याला काही होत नाही, कारण मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची ती बारीक रेघ. पण एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. छोट्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेवर ९४४ लिटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी केल्यासारखं.

हेच गणित छत्रीला लावा. उघडल्यावर मीटरभर व्यासाची छत्री आणि तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस असेल तर तासाभरात छत्रीवरून जवळपास ४० लिटर पाणी ओघळतं. त्यातलं बरंचसं, माझ्या अनुभवानुसार, डाव्या खांद्यावर. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. सॅकचं रेनकव्हर तिथे फक्त सॅकचा रंग जपतं. पाणी पाठीकडून आत शिरतंच. म्हणून सह्याद्रीत भटकणारी जुनी मंडळी कव्हरच्या भरवशावर राहत नाहीत. आधी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालायची, मग त्यात सामान. भिजायचं त्याला भिजू द्यायचं, वाचवायचं ते पोटात ठेवायचं.

हवेतलं पाऊण लिटर

आता खरा खलनायक: दमटपणा. पाऊस थांबतो, तो थांबत नाही.

तीस अंश तापमानाची हवा एका घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाण्याची वाफ पोटात घेऊ शकते. दहा अंशांची हवा घेते फक्त साडेनऊच्या आसपास. म्हणून थंड प्रदेशातला पाऊस आणि आपला पाऊस यांत फरक पडतो. किनाऱ्यावर हवा नव्वद टक्के दमट असेल, तर दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीतल्या नुसत्या हवेत जवळपास पाऊण लिटर पाणी तरंगत असतं. तुमचा ओला शर्ट त्यात आणखी पाणी सोडणार कुठे? हवा म्हणते, माझंच भागेना.

यातून जे होतं त्याला मराठीत एक झकास शब्द आहे: सादळणं. पापड सादळतो, शेव सादळते, काडेपेटी सादळते. भिजलेलं नाही, कोरडंही नाही, फक्त अंगातला ताठा गेलेला. गूळ सादळत नाही, तो पाघळतो. लाकडाचं दार फुगतं. चामड्याला बुरा येतो. सुती कपड्यांना कुबट वास लागतो. ओलीच्या इतक्या परी ज्या भाषेनं वेगळ्या काढल्या, ती भाषा पागोळ्यांखाली बसून घडली असणार.

मिठाचं तर भलतंच. शुद्ध मीठ हवेत ७५ टक्के दमटपणा झाला की पाणी ओढून विरघळायला लागतं. पण मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, आणि ते ३३ टक्क्यांवरच पाझरायला लागतं. म्हणून आजीच्या बरणीतल्या खड्यांना कायम पाणी सुटलेलं. प्रवासात उकडलेल्या अंड्यांबरोबर मिठाची पुडी नेणाऱ्यांनी त्यात तांदळाचे चार दाणे टाकावेत.

कापड किती पितं?

कापड गिरण्यांत प्रत्येक धाग्याचा एक आकडा पाठ असतो: साधारण हवेत तो धागा स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओल धरून बसतो. पॉलिएस्टर ०.४ टक्के. कापूस ८.५. आणि लोकर? तब्बल १६.

म्हणजे पॉलिएस्टरचा टीशर्ट पाणी पीतच नाही, ते फक्त धाग्यांच्या फटींत अडकतं. पिळा, झटका, दोन-तीन तासांत घाला. त्याची शिक्षा वासाच्या रूपानं मिळते, कारण घामातलं तेल पॉलिएस्टरला घट्ट चिकटतं. दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या शेजारी बसायला कोणी तयार नसतं.

लोकरीचा आकडा बघून चमकायला होतं. सगळ्यांत जास्त ओल पिणारा धागा, आणि भर पावसात धनगराच्या खांद्यावर घोंगडी! पण त्यात चूक काहीच नाही. लोकरीच्या केसाचं बाहेरचं खवलेदार साल पाण्याचा थेंब झटकतं आणि आतला गाभा वाफ शोषतो. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल शोषताना ती थोडी ऊबही सोडते. वर दख्खनी मेंढीची खरबरीत लोकर, त्यात चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं विणकाम. पाणी आत यायच्या आधी ओघळून जातं. फक्त ती बॅगेत मावत नाही, ती अंगावरच न्यावी लागते.

माझ्या बॅगेचा नायक मात्र पंचा. हो, तोच. टॉवेल जाड असतो तो त्याच्या फासांमुळे. त्या बारीक बारीक फासांमुळे पाणी धरायला जागा वाढते, अंग चटकन पुसलं जातं, आणि टॉवेल दोन दिवस ओला राहतो. आपण त्याला 'टर्किश टॉवेल' म्हणतो ते उगाच नाही. हे फासांचं विणकाम तुर्कस्तानातलं, तिथून एकोणिसाव्या शतकात इंग्रज कापडवाल्यांनी ते उचललं. तुर्कस्तानच्या कोरड्या हवेत ते शोभतं. पंचा एकपदरी, विरळ, पिळून खुंटीला टाकला की चहा होईपर्यंत अर्धा वाळतो. शिवाय डोक्याला बांधता येतो, भाकरी गुंडाळता येते, आणि बसच्या ओल्या सीटवर अंथरता येतो. टर्किश टॉवेलवर बसून बघा एकदा.

रेनकोट नावाचा फिरता हमामखाना

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली पेटंट घेतलं: डांबरापासून काढलेल्या नाफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांमध्ये त्याचा थर द्यायचा. पाणी आत येईना. पण ते कोट थंडीत लाकडासारखे कडक व्हायचे, उन्हात चिकट, आणि वास असा की घालणारा वळणावर येण्याआधी कळावं. पुढे रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती सापडली तेव्हा कुठे सुटका झाली. मॅकिंटॉशसाहेबांचं नाव मात्र आपल्याकडे वेगळ्याच जागी टिकून राहिलं. इस्पितळात सिस्टर "मॅकिंटॉश घाला" म्हणतात ना, पलंगावर अंथरायचं ते रबरी कापड? तेच ते.

आता 'श्वास घेणारे' रेनकोट मिळतात. त्यांची भोकं इतकी सूक्ष्म की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. किंमत ऐकून आपलाच श्वास थांबतो. पण त्यात एक मेख आहे. वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. युरोपातल्या थंड डोंगरात हे जमतं. जुलैतल्या कुडाळात बाहेरची हवाच वाफेनं तुडुंब. आतली वाफ जाणार कशी? चढावर दहा मिनिटांत माणूस बाहेरून कोरडा आणि आतून चिंब. म्हणजे भिजायचं ते भिजलातच, फक्त पावसाऐवजी स्वतःच्या घामानं.

इरलं बनवणाऱ्यानं हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये पानांचे थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठीवर होडी पालथी घातल्यासारखं. वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईची पाठ झाकली जाते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पुढची बाजू सताड उघडी. वारा खेळता. मेघालयात खासी लोकांचं 'नुप' बघितलं तर वाटतं, हे आपलंच इरलं मामाच्या गावाला गेलंय. जगातला सर्वाधिक पाऊस झेलणारी माणसं आणि आमच्या लावणीच्या बायका, दोन्ही एकाच नमुन्यावर येऊन थांबली. मी बॅगेत इरलं नेत नाही, पण त्याच तत्त्वावर बिनबाह्यांचा सैल पोंचो नेतो. पाठीवर दप्तराचा फुगा असलेला शाळकरी रेनकोट असतो ना, त्याचाच थोरला भाऊ.

छत्री? न्या. फक्त एवढं लक्षात ठेवा, इंग्रजी 'अंब्रेला' शब्दाच्या पोटात सावली आहे, आपल्या छत्रीच्या पोटात झाकणं. १७५० च्या दशकात लंडनच्या रस्त्यावर जोनास हॅनवे छत्री घेऊन फिरायला लागला तेव्हा भाड्याच्या घोडागाडीवाल्यांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, कारण पाऊस म्हणजे त्यांचा धंदा. आपल्या रिक्षावाल्यांनी निदान छत्रीवर राग धरलेला नाही. आंबोलीच्या कड्यावर मात्र वारा खालून वर येतो. तिथे तीन घड्यांची छत्री उघडणं म्हणजे ती दान करण्याचा एक प्रकार.

पायांत वेलिंग्टन, बोटांत चिखल्या

इंग्लंडात गमबुटाला 'वेलिंग्टन' म्हणतात. कोण हा वेलिंग्टन? वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. पण त्याच्याही आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, तो नुसता आर्थर वेलस्ली असताना आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. लंडनच्या चांभाराकडून त्यानं बनवून घेतलेले बूट चामड्याचे होते. रबरी अवतार फ्रान्समध्ये १८५३ नंतरचा. असईच्या त्या लढाईत त्याच्या पायांत काय होतं कोण जाणे, पण गमबुटाचा थोडा चिखल मराठवाड्यातला आहे एवढं नक्की.

सहलीला गमबूट नेऊ नका. वरून पाणी गेलं की तो बूट राहत नाही, बादली होते. स्पोर्ट्स शूजही नकोत. नेलेच तर रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. सगळ्यांत उत्तम म्हणजे पट्ट्यांचे फ्लोटर्स. पाणी येतं तसं जातं. पाय दिवसभर बंद ओल्या बुटात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर मेंदी थापणारी पिढी अजून आहे. मी बुरशीचं मलम नेतो. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरणं टाळाच. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि असल्याच वाटेनं अंगात शिरतात. चिकटपट्ट्या दोन जास्त घ्या.

पण एक टायर निसर्गानं फुकट दिलाय. पाण्यात राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात त्या कातडी फुगल्यामुळे नव्हेत. मज्जासंस्था बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडते म्हणून पडतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटला आहे त्याला त्या पडत नाहीत. २०१३ साली इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये ओल्या गोट्या उचलायला लावून बघितलं, तर सुरकुतलेली बोटं जास्त चपळ निघाली. पावसाळी टायरला खाचा असतात ना, अगदी तसं.

नोट सुती, तांदूळ निरुपयोगी

फोन भिजला की तांदळाच्या डब्यात खुपसायचा, हे आता घराघरांतलं शास्त्र झालंय. मिठातले तांदूळ पुडीपुरते ठीक. फोनच्या आतलं पाणी ते ओढत नाहीत, वर स्टार्च आणि कणी आत जाते. २०२४ मध्ये अॅपलनंही आपल्या ग्राहकांना हे करू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. वाऱ्यावर ठेवा, चार्ज करू नका, वाट बघा. पावसात स्क्रीन आपोआप वेड्यासारखा चालतो तो बिघाड नव्हे. पडद्याला बोटाची विजेची खूण कळते, आणि थेंबही तिथे लुडबूड करतो.

त्यापेक्षा नव्या चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या जमवा. सिलिका जेल. नाव जेल, पण आत काचेसारखे कडक मणी. वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत ओल पितात. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन कोरडं ठेवायला हेच वापरलं. कॅमेरेवाल्यांनी तर डब्यात मूठभर ठेवाच. भिंगावर बुरशी धरली की ती नुसती पुसून जात नाही, लेप कायमचा खाते.

आणि रोख पैसे. वीज गेली, टॉवर गेला की क्यूआर कोड म्हणजे भिंतीवरचं चित्र. आपल्या नोटा कागदाच्या नसून कापसाच्या असतात, म्हणजे खिशात जी सादळते ती एक प्रकारची सुती चिंधीच. तिला दुधाची रिकामी पिशवी. धुवायची, उलटी करून वाळवायची, पैसे आत, तोंडाला रबर. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली ती २०१८ साली, आणि कारवाई सुरू झाली नेमकी जूनच्या २३ तारखेला, ऐन पावसाच्या तोंडावर. दुधाची पिशवी त्यातून बचावली. तिच्याबद्दल मला आदर आहे.

दहा डोळ्यांचा पाहुणा

घाटात जळवा असणारच. रानजळूला डोळ्यांच्या पाच जोड्या असतात, तीन जबडे असतात आणि तुमच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातली हवा तिला कळते. चावताना दुखत नाही, आणि तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती गळून पडल्यावरही मोजा लाल होत राहतो. त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. सुश्रुतानं तर जळवांच्या बारा जाती सांगितल्या, सहा विषारी आणि सहा कामाच्या. मीठ, तंबाखू, काडी असले उपाय करू नका. चिडलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. नखानं किंवा जाड कागदानं तोंडाकडून सरकवायची, झालं. बॅगेत घट्ट विणीचे लांब मोजे आणि जुनं व्हिजिटिंग कार्ड. त्या कार्डाचा यापेक्षा चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

बाकी किरकोळ

मासे खायचे बेत असतील तर जीभ आवरा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ताटात सुकट आणि सोलकढी.

कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर चालकांना गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायच्या सूचना असतात. दशम्या जास्त घ्या.

२४ जूनला गोव्यात असाल तर त्या दिवशी साँ जांव. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून मंडळी विहिरींत उड्या मारतात. त्या दिवसासाठी वेगळं काही भरू नका, भिजायचेच कपडे आहेत ते.

रात्रीसाठी टॉर्च. आंबोलीत बेडकांचं गाव आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या तिथल्या भेकाला शास्त्रीय नाव मिळालं ते २००९ मध्ये. तो तिथे आधीपासून होताच, कागदपत्रं उशिरा झाली.

जाताना जीन्स, येताना खोबरं

यंदा पुन्हा आंबोलीला गेलो. दोन पॉलिएस्टरचे शर्ट, दोन अर्ध्या चड्ड्या, पंचा, पोंचो, मोजे, पुड्या, पिशवी. बॅग चार किलोच्या आत. मावशींनी ती एका हातानं उचलून बघितली आणि काही बोलल्या नाहीत, एवढीच शाबासकी. तरीही तिसऱ्या दिवशी बनियन ओलंच राहिलं. तेव्हा त्यांनी शेगडीत निखारे घातले, वर वेताची टोपली पालथी ठेवली, चिमूटभर ओवा टाकला आणि बनियन टोपलीवर पसरलं. बाळाची लंगोटी वाळवायची ही जुनी रीत. पंधरा मिनिटांत कोरडं, आणि वर ओव्याचा वास. घरातला नातू हसत होता.

निघताना हातात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. इथे एक शेवटची गंमत: गोव्यातल्या मोपाहून विमानानं परतत असाल तर त्या घेऊ नका. विमानवाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं धोकादायक मालात धरलेलं आहे. त्यात तेल भरपूर, आणि ढिगात ओल राहिली की ते आपोआप तापतं, पेटूसुद्धा शकतं. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातात लागते. खोबऱ्याला तेवढीही मुभा नाही.

मी आपला सावंतवाडीहून रेल्वेनं आलो, तीन तास उशिरा. खोबरं मात्र खणखणीत कोरडं पोचलं. दुधाच्या पिशवीत होतं.